सोहोनींची खुर्ची

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा रत्नागिरीला! कराडहून येताना आंबा घाटात दोनदा पोट ढवळलं, पण खोली झकास आहे, खिडकीतून जेटी दिसते. बोटमालकांच्या संघानं मला वायरलेस कक्षाचा उपप्रमुख नेमलंय. समुद्रात गेलेली कुठली बोट कुठं आहे, कुणाला कधी परत बोलवायचं, सगळं इथून ठरतं. चुकलं तर माणसं बुडतात. दीपाली आणि सहा वर्षांची आमची तेजस्वी दिवाळीआधी येतील. तेजस्वीनं फोनवर विचारलं, बाबा, तिथे शार्क आहे का? म्हटलं, आहे ना, माझा साहेब!

५ ऑक्टोबर
साहेब म्हणजे चिंतामणी सोहोनी. एकोणसाठ वर्षांचे, काटकुळे, जुन्या सागवानी खुर्चीतून जेवणापुरतेही न उठणारे. समोर स्क्रीन आहे, पण तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. एकशे चाळीस बोटी, त्यांचे तांडेल म्हणजे कप्तान, कुणात डिझेल किती, जाळं कुठं टाकलंय, सगळं तोंडपाठ! मी इंजिनिअर, कॉलेजात पहिला आलेला, आणि मला आठव्या बोटीपुढचं आठवत नाही. बोटमालक प्रश्न मला विचारतात आणि उत्तरासाठी त्यांच्याकडे बघतात. पोटात दुखतं, खोटं कशाला लिहू?

दुपारी त्यांच्या पत्नी, मालिनीकाकू, डबा घेऊन आल्या. सोहोनींनी अदबीनं विचारलं, आपण कोण? मी हसलो. काकू नाही हसल्या.

८ ऑक्टोबर
आजही तेच, आपण कोण? रोजचीच चेष्टा असावी. आमचा शिपाई गंगाराम मला बाजूला घेऊन म्हणाला, सायेब, मानसाचं डोस्कं म्हणजे धान्याची कणगी. एकदा भरली की नवीन घालायला जुनं उपसावं लागतं. तुमी आपली यादी लिवा नि स्क्रीन बघा. हा आता मला शिकवणार!

१० ऑक्टोबर
मीटिंगमध्ये संघाचे अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले, सोहोनी निवृत्त झाले की आमचं कसं होणार? आणि मी समोर बसलो होतो! अंगाचा नुसता तिळपापड झाला. संध्याकाळी सोहोनींना तोंडावर सांगितलं, तुमच्याकडे जे काय आहे ते मला द्या. त्यांनी हातातला माइक खाली ठेवला. मग म्हणाले, कुणी मागितल्याशिवाय हे देता येत नाही, अकरा वर्षं वाट बघतोय. आणि उठले. मी बसलो.

बसल्याबरोबर सगळं डोक्यात आलं! ‘कमळा’ जयगडसमोर, डिझेल अर्धं. ‘मथुरामाई’ पूर्णगडाबाहेर, इंजिन तापतंय. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस!

११ ऑक्टोबर
सोहोनी राजीनामा देऊन निरोप घ्यायला आले. दारात मालिनीकाकू उभ्या होत्या. त्यांना बघून “माले!” म्हणाले आणि भर ऑफिसात ढसाढसा रडले. म्हातारपणी काय ही थेरं! मला बघवेना. आता प्रमुख मी, आणि माझ्या जागी नवी उपप्रमुख आलीय, अक्षया. हुशार आहे. जरा जास्तच.

१४ ऑक्टोबर
वादळाचा इशारा. हर्णै बंदराच्या साठ बोटी आमच्या हद्दीत शिरल्या. त्याही घेतल्या डोक्यात. अक्षया म्हणाली, सर, एका माणसाच्या डोक्यात दोनशे बोटी नकोत, कागदावर लिहून तिघांत वाटून घेऊ. वाटून! म्हणजे हिला वाटा हवाय. साफ नाही म्हटलं.

घरून फोन आला. बायकोचं नाव अगदी जिभेवर होतं. मुलीनं विचारलं, शार्क भेटला का? कसला शार्क?

१६ ऑक्टोबर
आणखी सहा आल्या, दोनशे सहा. वारा वाढतोय. एका बाईचे पाच फोन. रडत होती. मी अदबीनं विचारलं, आपण कोण—

हे मी कुणाकडून ऐकलंय?

१७ ऑक्टोबर
सगळ्या बोटी सुखरूप. अध्यक्षांनी पाठ थोपटली. खिडकीतून सोहोनी दिसले, जेटीवर, काकूंबरोबर बांगडे निवडताना भांडत होते. काकूंनी पाठीत धपाटा घातला, दोघंही हसली. जळलो मी. अजूनही त्यांच्यावरच! माझ्याकडे सगळं आहे, मग त्यांच्याकडे काय आहे, जे माझ्याकडे—

घाबरून या डायरीचं पहिलं पान उघडलं. तेजस्वी लिहिलंय. अक्षर माझंच.

तेजस्वी नावाची बोट आपल्याकडे नाही.

१८ ऑक्टोबर
दारात एक बाई. लहान मुलगी. गंगाराम म्हणतो, सायेब, तुमचीच लेक ती. अक्षया म्हणते, सर, उठा, पोरीला भेटा, बोटी मला द्या.

मागितलं तिनं. स्वतःहून! उठलो तर सगळं परत मिळेल, सोहोनींना मिळालं तसं. कळतंय मला. सगळं कळतंय.

पण मग उद्या अध्यक्ष हिची पाठ थोपटणार—

मुलगी आत आली. बोट धरून ओढतेय. हात गरम आहे तिचा. मी विचारलं, आपण कोण? रडायला लागली. म्हणते, बाबा, शार्क—

अक्षया जवळ येतेय. नाही. खुर्ची माझी आहे. मी उठलो की ती बस—