मापाचा झगा

रविवार, ९ मार्च

चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीच्या लग्नात घालायला म्हणून तू पाठवलेलं कापड आणि मापाला दिलेला जुना झगा, दोन्ही पोचलं. एवढा गडद रंग तुला कधीपासून आवडायला लागला गं? इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजींनी गॅलरीत टोमॅटो लावलेत. सकाळी उठून रोपांशी गप्पा मारतात, माझ्या वाट्याला नुसतं हं आणि हूं.

मध्ये मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

वर्षभर पाळीत फार अंगावरून जात होतं. गुठळ्या पडायच्या. गिऱ्हाईक समोर असलं की खुर्चीवरून उठायची धास्ती, म्हणून मी स्वतःला काळे स्कर्टच शिवायला लागले. कंबर दुखायची, जिना चढला की धाप लागायची आणि लघवीला तर सारख्या फेऱ्या. मी म्हणायची, चाळिशी उलटली, चालायचंच.

पोटही वाढत होतं. दुसरी कुणी असती तर कपडा होईना म्हणून विचारात पडली असती. मला माझा धंदाच नडला. शिवणीत जादा ठेवलेली माया उसवायची, कंबर सैल करायची, की झालं! माया संपली तेव्हा बाजूला पट्टी जोडली आणि परत कामाला लागले. शेवटी दुकानात चक्कर आली, तेव्हा तुझे भावजी मला जवळजवळ ओढतच घेऊन गेले.

बाईंनी पोटावर हात दाबून पाहिला, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठी आहेत, एक चांगली संत्र्याएवढी. माझ्या मनात आलं ते मी विचारूनच टाकलं. त्या म्हणाल्या, "कॅन्सर नाही हो. याला फायब्रॉइड म्हणतात, कितीतरी जणींना असतात. पण अंगातलं रक्त फार कमी झालंय, इतके दिवस काढलेत कसे?" आता गोळ्या चालू आहेत, ऑपरेशनचं पुढे ठरेल. बाहेर येऊन मी बाकावर बसून पोटभर रडले. सुटल्यासारखं वाटलं.

निघताना त्यांनी विचारलं, बहीण आहे का? हे बहिणी-बहिणींत आढळतं म्हणे. मी म्हटलं, आहे, पण ती ठणठणीत आहे.

घरी आले आणि तुझा मापाचा झगा टेबलावर पसरला. बाह्या आत घेतलेल्या. कंबर मात्र उसवून सैल केलेली, आणि दोन्ही बाजूंना पट्टी जोडलेली. टाका आईने शिकवलेलाच, मी ओळखणार नाही का?

चिमे, माणूस जाड होतं तेव्हा दंडही भरतात. हे मला कुणी सांगायला नको. आणि गडद रंग का, तेही आता विचारत नाही.

लग्न उरकू दे मग बघू, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणत होते. म्हणून सांगते, तुझं कापड मी घडी करून ठेवलंय, कात्री लावलेली नाही. आधी तपासून ये, काय निघतं ते मला लिही, मग मी शिवायला बसते. झगा वेळेत झाला नाही तर जुन्या कपड्यात उभी राहा लेकीच्या लग्नात. पण उभी राहा.

तुझ्या उत्तराची वाट बघत मशीनपाशी बसलेली,
तुझी ताई