बाईची सावड

आई, काल आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक डॉक्टर व्याख्यान द्यायला आले होते. माणसांत मिसळा, मंडळात जा, मन चांगलं राहतं, हे त्यांनी तासभर समजावलं. मी चहाची वाट बघत बसले होते आणि मला पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं आपल्या पासली गावचं महिला मंडळ आठवलं. ग्रामसेविकाबाईंनी ते काढलं तेव्हा तू किती टिंगल केलीस. "बसाया मंडळ कशाला लागतंय? बूड टेकलं की झालं." पण गुरुवारी देवळाच्या ओट्यावर सगळ्यांच्या आधी तूच हजर. त्या तासाभरात कुणी बाईला कामाला हाक मारायची नाही, एवढाच त्या मंडळाचा खरा फायदा होता.

मग एका उन्हाळ्यात आपलं तान्हं बाळ गेलं आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलीस. मी तेव्हा चौदा-पंधराची. चूल माझ्याकडे आली. तुझ्यापुढे ताट ठेवायचे आणि तसंच उचलायचे. बाबांनी वेल्ह्याहून टॉनिकची बाटली आणली, ती फळीवरच राहिली. मला फार भीती वाटायची. बाळामागं तूही जाशील असं वाटायचं, आणि ते कुणाजवळ बोलता यायचं नाही.

भाताची लावणी आली. एका सकाळी मंडळाच्या सगळ्या बाया न बोलावता आपल्या खाचरात उतरल्या. ग्रामसेविकाबाईसुद्धा पदर खोचून चिखलात. त्यांनी लावलेली रोपं संध्याकाळपर्यंत आडवी झाली, पण कुणी त्यांना काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन दारात उभ्या.

"काल आमी तुज्यात राबलो. आज माज्यात चल. सावड फेड."

तू मान न वळवता म्हणालीस, "पोरीला न्या."

"पोरगी न्हाई चालत. बाईची सावड बाईनंच फेडायची."

असा नियम पासलीत कधीच नव्हता. घरातलं कुणीही गेलं तरी सावड फिटायची. किती वेळा मीच गेले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं चुलीकडे वळले. तुलाही ते ठाऊक होतंच. पण सावड बुडवली असं कुणाला म्हणू देणारी तू नव्हेस. तू उठलीस.

मीही मागोमाग आले. अजून दिसतं, मी बांधावरून बघते आहे. बाळाचा विषय कुणी काढत नाही. उलट तुलाच बोलणी बसतायत, "लई दाट लावतीस गं, जरा सरक की." दुसऱ्या दिवशी दुसरीच्या खाचरात, मग तिसरीच्या. तुला घरी बसू द्यायचंच नाही, असं त्यांनी ओट्यावर ठरवलं असणार. आठवडा असाच गेला. एका संध्याकाळी तू पाय धुऊन आत आलीस, चुलीपाशी बसलीस आणि म्हणालीस, "लई भूक लागलीया. तू जेवलीस का?"

मी "न्हाई" म्हटलं. आपण दोघींनी एका ताटात भात नि कुळथाचं पिठलं खाल्लं. तू पुन्हा वाढून घेतलंस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते माझ्याजवळच राहील. एक मात्र तुला सांगायचं राहून गेलं होतं. मी जेवले होते, आई. पोटभर.