पोर्ट मेला नव्हता

मंगळवार, संध्याकाळ, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात

तो हिरवा दिवा लागला आणि माझं सगळंच बदललं.

दुपारी राइस मिलवर दुरुस्तीला गेलो, तिथल्या सर्व्हरचं नेटवर्क गेलेलं. नेटवर्कची केबल लावायचा पोर्ट मदरबोर्डावरचाच, मी "मेला" म्हणून मोकळा झालो. मिलचे मुनीम म्हणाले, "काऊन रे, कॉलेजसारखं हेबी अर्धवट सोडून राहिला?" डोकं फिरलं, बॅग उचलली. गेलो असतो तर दुकानमालकानं कामावरून काढलंच असतं.

मिलच्या बिलिंगवरची रजनी म्हणाली, "मेला कशावरून? सेटिंगमध्ये बंद असंल. पाह्य तर!"

बंदच होता. चालू केला. पोर्टवर हिरवा दिवा! नोकरी वाचली ती तिच्यामुळे. आणि जिच्यासाठी वर्षभर झुरतोय, तिला लाजेनं साधं थँक्यूही म्हटलं नाही? मूर्ख!

मिल सुटली, ती अजून चौकात ऑटोची वाट पाहत असेल. माझ्या आतही दिवा लागलाय, हे तिलाच सांगायचंय. पुरे लिहिणं. उठतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.