डबीतलं लग्न

नाना, सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. टेबलावर लॅपटॉप चालू आहे, त्याला वायरीनं हार्ड डिस्क जोडली आहे, आणि तिच्यात एका यात्रेचं शूटिंग उतरतंय. ते आपोआप उतरतं, मी राखण करत बसायची काही गरज नाही. तरी मी उठते, चहा ठेवते, चहा तसाच सोडून परत येते आणि तिचा दिवा लुकलुकतोय ना ते बघते. तुम्ही ही वस्तू पाहिली नाहीत. पर्समध्ये सहज जाईल एवढी असते, आणि आपल्या सिडकोच्या घरातल्या लोखंडी कपाटात मावत होत्या तेवढ्या सगळ्या कॅसेटी तिच्यात जाऊन वर जागा उरते. पहिली आणली तेव्हा आई म्हणाली होती, "एवढ्याशा डबीत लग्न मावतं?" तेव्हापासून घरात तिला डबीच म्हणतात.

तुमचं मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या शूटिंगची काटछाट, मला स्वयंपाकघरासकट आठवतं. सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी करून यायचं, लग्नसराईत रजा टाकून कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, आणि मग दोन व्हीसीआर ओट्यावर मांडून बसायचं, कारण धड अर्थिंग असलेला प्लग घरात तिथंच. आई डाळ भिजवून हात बांधून उभी. तिनं चटणीसाठी मिक्सर लावला की टीव्हीवरची नवरी थरथरायची आणि तुम्ही ओरडायचात, "बंद कर ते, चित्र फाटतंय!" मी जमिनीवर बसून तुमच्या खुणेची वाट पाहायचे. तुम्ही मान हलवली की मी रेकॉर्डचं बटण दाबायचं. चुकलं तर सगळं परत पहिल्यापासून. ते काम मला शाळेतल्या कुठल्याही विषयापेक्षा जास्त आवडायचं. फक्त शेवटचं काम आवडायचं नाही. लग्नाची कॅसेट त्या घरी पोचली की तुम्ही मूळ कॅसेट परत व्हीसीआरमध्ये घालायचात आणि सबंध पुसून टाकायचात. नवी कॅसेट आणायची ऐपत आली तरी पुसायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "त्यांचं आहे ते. आपण कशाला ठेवून घ्यायचं?"

एकदा तुमच्या खात्यातले एक काका आले होते. पोरीच्या लग्नाची त्यांची कॅसेट पावसाच्या पाण्यात भिजून बुरशी धरून गेली होती. दारातच उभे राहून म्हणाले, "तुझ्याकडे असंलच की एक." तुम्ही नाही म्हणालात. काका हसले, "बघ रे नीट," म्हणाले. तुम्ही परत नाही म्हणालात. ते गेल्यावर तुम्ही ताटावर बसलात आणि तसेच उठलात. मला वाटलं, आता तरी तुम्ही ठेवायला लागाल. पुढच्या आठवड्यात एक लग्न पोचवून आलात आणि कॅसेट पुसायला घेतलीत. मी हात धरला. तुम्ही माझ्यावर इतक्या मोठ्यानं कधी ओरडला नव्हतात. "लोकांच्या लग्नांचं दुकान घालायचंय का तुला?" मी कॉलेजात होते. मला काकांचा चेहरा दिसत होता, तुमचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

तुम्ही गेलात आणि काम माझ्याकडे आलं. कॉम्प्युटर आला, मग ही डबी आली, आणि मी सगळं ठेवायला लागले. लग्नं, बारशी, कारखान्यांची उद्घाटनं. मग एका यात्रा कंपनीचं काम मिळालं. त्यांच्या बसमधून लोकांबरोबर फिरायचं, शूटिंग करायचं, आणि परत आल्यावर प्रत्येक घराला यात्रेची सीडी द्यायची. रोज संध्याकाळी लॉजवर पोचलं की आधी कॅमेऱ्यातलं सगळं डबीत उतरवायचं, मग आंघोळ. कार्ड उद्यासाठी मोकळं. लोक देवळात चप्पल सांभाळायचे, मी डबी सांभाळायचे. तुम्ही कारखान्यातल्या पॅकिंगच्या फोमचं अस्तर लावून जी खांद्याची बॅग शिवून दिली होती, तिच्यातच ती असायची, आणि तरीही मी दर थोड्या वेळानं हात घालून चाचपायचे.

अशाच एका यात्रेच्या आदल्या दिवशी मी माझ्या दुकानात बसून डबीत जागा करत होते. जुनी लग्नं बघायची, कुठलं काढायचं ते ठरवायचं. तेवढ्यात एक मुलगी आली. मी ओळखलं तिला. तिचं लग्न मीच शूट केलं होतं. मखमलाबादकडची, घरची फुलशेती. सगळा मांडव घरच्या झेंडूनं भरलेला होता. पुढच्या वर्षी तिचे वडील गेले. मग ती सासर सोडून कायमची घरी आली, हे मला ऐकून माहीत होतं. ती बसली नाही. "ताई, माझं लग्न आहे का अजून तुमच्याकडं?" मी अभिमानानं म्हणाले, "आहे की!" ती म्हणाली, "पुसा. आमच्या घरातली सीडी मी मोडली. तिकडची त्यांनी ठेवली असेल तर त्यांचं ते जाणोत. पण तुमच्याकडं आहे म्हटल्यावर ते कुठंतरी चालूच आहे असं वाटत राहतं मला." मी म्हणाले, करते. खरंच करणार होते. पण ती गेल्यावर तासाभरात तिच्या आईचा फोन. मुलगी माझ्याकडे येऊन गेल्याचं तिला कळलं होतं. "ताई, पोरीचं ऐकू नका. यांचं दुसरं काय नाय आमच्याकडं. एक फोटू हाय, तो बी रेशनकार्डाचा. हिंडता-फिरता माणूस तेवढ्यातच हाय."

मी पुसलं नाही, ठेवलंही म्हणता येणार नाही. डबी बॅगेत टाकली आणि उज्जैन-ओंकारेश्वरची बस पकडली. नाना, ती यात्रा मला धड आठवत नाही. लोक भजनं म्हणत होते आणि माझ्या मांडीवर एक लग्न होतं. जागा कमी पडत होती, रोज संध्याकाळी मी यात्रेचं उतरवायच्या आधी त्या लग्नाच्या नावावर थांबायचे आणि दुसरंच काहीतरी पुसायचे. एका वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बॅग उघडी होती. डबी घरंगळत पुढच्या सीटखाली गेली. काढली तर आतून टिकटिक आवाज येतोय असं वाटलं. लॉजवर पोचेपर्यंत मी ती सारखी कानाशी धरत होते, आणि भीतीच्या शेजारीच एक सुटल्याची भावना होती. बिघडली असेल तर बरं, मला काही ठरवायला नको. लॅपटॉपला लावली. उघडली. सगळं जागच्या जागी होतं. मी तिथूनच मुलीला फोन केला. म्हटलं, "तुझे वडील ठेवू आणि बाकी सगळं काढू. तू शेजारी बस. काय काढायचं ते तूच सांग." ती म्हणाली, "आमच्याकडं या. मी तुमच्या दुकानात नाही बसणार."

म्हणून यात्रेहून परतल्यावर डबी आणि लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी गेले. हे तुम्हाला नवलाचं वाटेल, दोन व्हीसीआर नाहीत, टीव्ही नाही, पडवीत चटईवर बसून लग्न कापायचं. समोर तिची आई बाजारासाठी फुलं निवडत होती, लॅपटॉपकडे पाठ करून. मुलगी म्हणायची, "हा नको. हा पण नको. थांबा, दादा दिसले." वडिलांना ती दादा म्हणायची. कोपऱ्यात मांडववाल्याशी वाद घालणारे दादा. फेटा कपाळावर घसरलेले दादा. पंगतीत वाढपी कमी पडले म्हणून स्वतः बुंदी वाढणारे दादा. नवरदेव जवळ आला की कापायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत लग्न संपलं होतं, एक माणूस तेवढा उरला होता. पण त्याचा आवाज कुठंच नव्हता. बँडमध्ये, मंगलाष्टकांत सगळा बुडालेला. स्पष्ट एकाच ठिकाणी होता, पाठवणीत. दादा जावयाचे दोन्ही हात धरून म्हणतात, "पोरीला जपा."

मुलगी उठून मळ्यात गेली. मी लॅपटॉप मिटायला लागले तर परत आली. तोंड धुतलं होतं. म्हणाली, "बोलू द्या त्यांना. चित्र काढा." मी तिथं मांडवातल्या झेंडूच्या माळा लावल्या आणि आवाज तेवढा ठेवला. मग पहिल्यापासून लावलं. तिची आई हातातली फुलं सोडून जवळ आली, पदर तोंडाशी धरून बघत राहिली. माळा हलताना दिसल्या आणि आवाज आला, पोरीला जपा. बाई म्हणाली, "मला म्हणत होते. माझ्याकडं बघून म्हणत होते ते." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तो माणूस कुणाकडे बघत होता ते मला माहीत होतं, कॅमेरा माझ्याच खांद्यावर होता. मी फाइल बंद केली. मुलगी म्हणाली, "हो आई, तुलाच म्हणत होते." उरलं त्याची सीडी मी तिथंच करून दिली, मग मूळ लग्न तिनं स्वतःच्या हातानं पुसलं. डबीचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि थांबला. बाईनं मला ओंजळभर निशिगंध दिला, घरी येताना बसमध्ये सगळ्यांना वास येत होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी अशी एखादी यात्रा उतरवायला लावली की ते सगळं परत येतं आणि मला बसू देत नाही. मी एका गेलेल्या माणसाचं तोंड दुसरीकडे वळवलं. तुम्ही लग्नं पुसलीत, पण कुणाच्या लग्नात काही बदललं नाहीत. कधी वाटतं, त्या बाईला जे हवं होतं ते मिळालं, यात वाईट काय? कधी वाटतं, तो माणूस जे बोलला ते त्याचं होतं, ते मी घेऊन भलत्यालाच दिलं. मुलगी नंतर भेटली एकदा, भाजी बाजारात. फुलांचा गाळा तीच बघते आता. आई कशी आहे विचारलं तर म्हणाली, "रोज लावते ते. सकाळी." आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. आई विचारेल काय लिहितेस, मी बिल करतेय म्हणेन. तुम्ही असता तर यातलं काहीच तुम्हाला सांगितलं नसतं, काम झालं एवढंच म्हटलं असतं. माझं चुकलं का, हे आज विचारायची हिंमत होतेय ती उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे.