अकराव्या पानावरची फुंकर

दि. ६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं खुशाल आहे. फोनवर तू तुमच्या शेडमधल्या बाटल्या दाबणाऱ्या यंत्राच्या वरताण ओरडतेस आणि मला नुसतं हॅलो-हॅलो ऐकू येतं, म्हणून आपलं जुन्या वळणाने लिहायला बसले.

बातमी अशी, की तुझ्या भाचीला नोकरी लागली. सहा महिन्यांचा करार, पुढचं पुढे. बाटल्या वेचणाऱ्या आणि निवडणाऱ्या माणसांना आधार देणं हे संस्थेचं काम. ऑफिस सातव्या मजल्यावर, सगळं काचेचं. आधार घेणारं माणूस इतक्या वर अजून कोणी आलेलं नाही, पण भिंतीवर त्यांचे फोटो चांगले मोठे लावलेत. आमच्या मॅडम फार कळवळ्याच्या. त्यांना रोज पाण्याच्या तीन बाटल्या लागतात आणि प्रत्येक रिकामी झाली की त्या हळहळतात.

मुलाखतीत त्यांनी घरची माहिती विचारली. मला वाढवणारी मावशी प्लॅस्टिक उद्योगात आहे, असं मी सांगितलं. त्यांच्यावर फार छाप पडली. खोटं काही बोलले नाही हं!

एक सहज विचारते. बाटल्यांची जात तू नेमकी कशावरून ओळखतेस? माझ्या माहितीसाठी हवं आहे, अगदी सविस्तर लिही. गुडघ्यांना जप.

रगाड्यातून चार ओळींची सवड काढशील, या भरवशावर थांबते.

तुझी,
टिटवी


दि. १५ जानेवारी

चि. टिटवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी नोकरी वाचून आनंद झाला आणि स्वतःची बढती वाचून त्याहून जास्त. प्लॅस्टिक उद्योगातली मावशी, हे मी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. तेव्हापासून शेडमध्ये मला उद्योगपती म्हणतात आणि पाण्याची बादली उद्योगपतींनीच भरावी असा आग्रह धरतात.

आता तुझी शाळा. आमच्या टेबलाशी आम्ही सव्वीस जणी उभ्या असतो. माझी जागा खिडकीजवळची, गेली चोवीस वर्षं. खिडकीचा फायदा असा, की बाटली उलटी करून उजेडात धरता येते. बुडाशी बारीक ठिपका असेल तर ती आपली, पाण्याच्या बाटलीची जात. बुडावर आडवी रेघ असेल तर ती परकी. दिसायला तितकीच सोज्वळ, पण घरबुडवी. एक रेघवाली गठ्ठ्यात गेली की वितळवताना सगळा माल काळवंडतो आणि आख्खा ट्रक परत येतो. बूड चेपलेलं असेल तर बाटली वाकवून बघायची. ठिपकेवाली कुरकुर करते. रेघवाली मुकाट वाकते आणि घडीवर पांढरी पडते. माणसांचंही तेच, कुरकुरणारं परवडलं. बुचं वेगळी काढायची, त्यांची जात निराळी.

आणि एक गुपित सांगते. शंका आलीच तर बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारायची. अस्सल असेल तर घुबडासारखी घुमते, नकली असेल तर नुसती फुसफुसते. नव्याने कामाला येणारीला आम्ही पहिल्याच दिवशी ही विद्या देतो. तेव्हा जुन्या सगळ्या हातातलं काम टाकून बघायला येतात.

चहा कमी पी आणि पत्रं लांब लिही. लोभ आहेच, वाढवलास तरी हरकत नाही.

मावशी


दि. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दीड महिना उत्तर नाही, म्हणून आधी कान पकडते. काम होतं. मॅडमनी मला प्रशिक्षणाची पुस्तिका लिहायला सांगितली होती, ती छापून आली. चोवीस पानं, रंगीत, झुळझुळीत कागद. त्यावर प्लॅस्टिकचा असा पापुद्रा आहे, की तो कागद म्हणे पुन्हा कशाच्याच उपयोगाचा नाही.

अकरावं पान मॅडमना इतकं आवडलं, की त्यांनी त्याला पारंपरिक ज्ञान म्हटलं आणि वरच्या मंडळींना उभं राहून वाचून दाखवलं. एवढी माहिती कुठून मिळवली, असं त्यांनी विचारलं. मी क्षेत्रीय अभ्यास असं सांगितलं. पुस्तिका तुमच्याकडे येईलच, तेव्हा बघ आणि रागावू नकोस.

तिच्यावर परीक्षा आहे. पास होणारीला ओळखपत्र, हातमोजे, मास्क आणि विमा. तुमच्या मालकांनी लिहून दिलंय, की एक मेपासून ओळखपत्र असेल तीच शेडमध्ये शिरेल आणि टेबलाशी उभी राहील. बाकीच्यांना बाहेर अंगणात गठ्ठे ढकलायचं काम. तुला कसली काळजी! तू डोळे मिटून पास होशील.

माझं कौतुक थोडं राखून ठेव, पुढेही लागेल.

तुझी,
टिटवी


दि. २ एप्रिल

चि. टिटवीस आशीर्वाद.

पुस्तिका आली. पहिल्याच पानावर वाटलं, ही बाई कुठेतरी भेटलीय. तिसऱ्या पानावर कुरकुरणारं परवडलं हे वाक्य आलं आणि कळलं, ती बाई मीच. खरं सांगते, छान वाटलं. उचललंस, पण नीट उचललंस. मग अकरावं पान आलं.

अगं टिटवे, ती थट्टा होती! नवी बाई गाल फुगवून बाटलीत फुंकत बसते, आम्ही पोट धरून हसतो, मग तिला चहा पाजतो आणि ती आमच्यातली होते. तुझीही तशीच गंमत केली. माझ्याच हाताखाली वाढलेली पोर, तुला कळेल असं वाटलं. ते पान वाचून सगळ्या इतक्या हसल्या, की काय झालं ते बघायला मुकादम धावत आले. लेखिका माझी भाची आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. अब्रू राखली. कोणाची, ते तू ठरव.

हसू परीक्षेपर्यंतच टिकलं. लेखी पेपर मी सुरेख लिहिला, पण प्रात्यक्षिकात फुंकर सक्तीची निघाली. मास्क लावून फुंकता येत नाही आणि मास्क काढला तर मास्कचे गुण जातात. बाकीच्या पंचवीस जणींनी मास्क हनुवटीवर ओढून फुंकर मारली, पोटासाठी माणूस काय करत नाही! मी बाटली उजेडात धरली, वाकवली आणि ठिपकेवाली आहे असं सांगितलं. परीक्षकांनी फुंकायला सांगितलं. मी म्हटलं, हे थोतांड आहे. ते कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कारण ते मीच लिहिलंय. त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि शेरा मारला: उमेदवार गोंधळलेली.

तर पंचवीस पास, एक नापास. एक मेपासून मी अंगणात. माझे गुडघे आणि ते गठ्ठे यांचं जमणार नाही हा एक भाग झाला. पण त्याहून मोठं म्हणजे ते टेबल माझं आहे गं. तिथे उभी राहून मी तुला वाढवलं. मला माझी जागा हवी आहे. बघ काही करता आलं तर.

उत्तराची वाट बघतेय.

मावशी


दि. ९ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले. चूक माझी, शंभर टक्के माझी.

पण आता इकडची तऱ्हा ऐक. मॅडमनी त्या फुंकरीला श्वासपरीक्षा असं नाव दिलंय. पुढच्या महिन्यात लांबून येणाऱ्या पाहुण्यांपुढे त्या ती सादर करणार आहेत, फलक रंगवून झालेत. माझा करार जूनअखेर संपतो आणि तो वाढवायचा की नाही, हे त्या कार्यक्रमानंतर ठरणार. ही मुळात थट्टा होती, असं मी आता कोणत्या तोंडाने सांगू?

वीस मेला फेरपरीक्षा आहे. तुझं नाव मी घातलंय. मावशी, एकदा फुंक ना. खरं काय ते आपल्या दोघींना माहीत आहेच. तुझं टेबल राहील, माझी नोकरी राहील आणि कोणाचं काय बिघडतं?

समजून घेशील, नेहमीच घेतेस.

तुझी,
टिटवी


दि. १७ एप्रिल

चि. टिटवीस,

कोणाचं काय बिघडतं, ते लिहिते.

या महिन्यात एक नवी बाई कामाला लागली. तिला आम्ही नवी म्हणतो. अंगावर पिणारं पोर घरी ठेवून येते. फेरपरीक्षेला बसायचं म्हणून तिने तुझी पुस्तिका पाठ केली होती. आमच्या थट्टेची बाटली वेगळी असते, साबणाने धुऊन खिडकीत ठेवलेली. हे तुला लिहायचं माझ्याकडून राहून गेलं, म्हणून पुस्तिकेतही आलं नाही. नवीने सरावासाठी पोत्यातली हाताला लागली ती बाटली घेतली. पाण्याच्या त्या बाटलीत कोणीतरी संडास धुवायचं औषध भरून ठेवलं होतं, त्याचा तळ शिल्लक होता. फुंकर जोरात बसली आणि सगळं उलटं तोंडावर आलं. ओठ सोलून निघाले. चार दिवस दवाखान्यात होती. आता धोका नाही, पण पोराचा पापा घेता येत नाही म्हणून रडते.

तुझा राग आला, पण माझा स्वतःचा जास्त आला. थट्टा माझी, छपाई तुझी आणि ओठ तिचे. माझं पत्र उचललंस त्याचं मला काही नाही, माझं ते तुझंच. नुसतं विचारलं असतंस तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

मी फुंकणार नाही. मी फुंकलं तर ते पान खरं ठरेल. तू काय करायचं ते मी सांगत नाही. नोकरी तुझी आहे आणि तू लहान नाहीस.

आशीर्वाद आहेतच, पण आज लिहायला हात जड होतो.

मावशी


दि. ३ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मॅडमना सगळं सांगितलं. तुझं जानेवारीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. ते वाचता वाचता त्यांनी एक बाटली संपवली, मग डोळे पुसले आणि हा तळागाळातला खरा आवाज आहे, असं म्हणाल्या. पत्राला चौकट करून ते माझ्या टेबलामागे लावणार आहेत. नवीच्या औषधपाण्याचं सगळं संस्था बघेल, एवढं मात्र मी सहीनिशी लिहून घेतलं. श्वासपरीक्षा रद्द झाली. अकराव्या पानावर हे पान वाचू नये अशी चिठ्ठी चिकटवून पुस्तिका पुन्हा वाटल्या. आता सगळे तेच पान आधी उघडतात.

पुढचं लिहायला जिवावर येतं. संस्थेने तुला तज्ज्ञ म्हणून नेमलंय. फेरपरीक्षा तूच घ्यायची, पेपरही तूच काढायचा. मात्र पेपर काढणाऱ्या व्यक्तीला परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही म्हणून ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्र नाही म्हणून शेडमध्ये प्रवेश नाही. मी भांडले, टेबलावर हात आपटला. निःपक्षपातीपणासाठी नियम पाळावाच लागतो, असं मॅडमनी मला फार मायेने समजावलं. माझा करार वाढणार नाही, कारण माझ्या क्षेत्रीय अभ्यासाची विश्वासार्हता संपली.

मावशी, तुझं टेबल मी घालवलं. चोवीस वर्षांचं तुझं शहाणपण माझ्या नावावर खपवलं आणि वर तुलाच फुंक म्हणाले. ते वाक्य आठवलं की माझी मलाच शिसारी येते. आता मी काय करू ते लिहून कळव. अक्षरशः तसंच करीन.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

टिटवी


दि. २८ मे

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, आणि एक चापटी.

तज्ज्ञ म्हणून मी पहिल्या दिवशी शेडवर गेले. रखवालदाराने नेमणुकीचं पत्र वाचलं, छान आहे म्हणाला आणि ओळखपत्र मागितलं. शेवटी मुकादमांनी शेडच्या फाटकाबाहेर अंगणात, सावलीत खुर्ची टाकून दिली. चोवीस वर्षांत मला या शेडमध्ये बसायला कोणी दिलं नव्हतं, आता बसायला मिळालं तर शेडच्या बाहेर. पहिले दोन दिवस रडले, खोटं कशाला सांगू. खुर्ची चांगली आहे, पाठही दुखत नाही. पण मला टेबल हवं होतं.

फेरपरीक्षाही फाटकाबाहेरच झाली, कारण परीक्षकालाच आत जायची मुभा नाही. मी लेखी एकही प्रश्न काढला नाही. समोर पोतं ओतलं आणि निवडायला सांगितलं. नवी पहिल्या झटक्यात पास झाली. खिडकीजवळची माझी जागा मुकादमांनी तिला दिली. मीच सही केली, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करू!

परीक्षेआधी मी तिची माफी मागितली होती. ती थट्टा मुळात माझी, हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पोत्याकडे वळली. टेबलाशी उभी राहिली त्या पहिल्या दिवशी मात्र फाटकाच्या गजांतून एक बाटली बाहेर आली. बूड चेपलेलं होतं आणि तिला शंका होती. मी वाकवली, पांढरी पडली, रेघवाली म्हणून सांगितलं. आता दिवसातून पंधरा-वीस बाटल्या अशा येतात. प्रत्येक वेळी फाटकापर्यंत नवीच येते.

तू विचारतेस काय करू. जूनअखेर रिकामीच होणार आहेस, तर इकडे ये. आमच्यातली एक चष्मेवाली ऑगस्टमध्ये लेकीकडे राहायला चाललीय, टेबलाशी तिची जागा मोकळी होईल. परीक्षेला बस. पेपर माझा असल्यामुळे पहिल्या खेपेला नापास होशील, मनाची तयारी ठेव. त्याआधी महिनाभर माझ्या खुर्चीशेजारी पोत्यावर बस आणि बाटल्या हाताळ. एकेक बाटली हातात देऊन, विचारशील ते सगळं मी तोंडी सांगेन. लिहून मात्र तुला यापुढे काही देणार नाही.

मावशी