पिशवीचा रिपोर्ट

१ ऑगस्ट, करडी
पाळी परत आली. बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आता या वयात. जाऊबाईंना सांगितलं तर हसायलाच लागल्या. "जवान होऊन राहिली का वो?" बांधीत भाताचा रोवणा सुरू, घरात बायांचं जेवण, आणि मी विटाळ म्हणून चुलीपासून लांब बसलेय. हे अंगणातून ओरडले, "मंजूची माय, चाय कोन देते मले?" जाऊबाईंनी दिला. मलाही हसू आलं.

१९ ऑगस्ट
पुन्हा. थांबतच नाही. नागपूरच्या लेकीला, मंजूला, फोनवर सहज बोलले. ती लगेच म्हणाली, "आई, विटाळ पाळत नको बसू. उद्याच डॉक्टरले दाखव."

२१ ऑगस्ट, भंडारा
सोनोग्राफी. पिशवीचं आतलं अस्तर जाड झालंय म्हणे. तुकडा काढून तपासायला दिला. डॉ. बाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी लगेच यायचं असतं. मी घरी विटाळ पाळत होते.
येताना हे म्हणाले, "तुले काई होत नाई. नाटकं करते नुसती." बरं वाटलं.

३० ऑगस्ट
कॅन्सर. शब्द लिहून पाहिला.
गावात किती जणींच्या पिशव्या काढल्या, सगळ्या रोवण्याला जातात. मनाला तेच सांगते. पण त्यांच्या दुखायच्या. माझी कधी दुखलीसुद्धा नाही.

८ सप्टें., नागपूर
उद्या ऑपरेशन. पिशवी, दोन्ही अंडाशय, आसपासच्या काही लिम्फच्या गाठी. अस्तरातच असेल तर बहुतेक एवढ्यावर सुटले. खोल गेला असेल, गाठींत पोचला असेल, तर रेडिएशनचा शेक, कदाचित किमोही. ते सगळं काढलेलं तपासल्यावर कळणार. मंजूने नीट समजावलं. मला फक्त ‘असेल तर’ ऐकू येतं.

११ सप्टें.
परवा ऑपरेशन झाल्यावर डॉ.नी ह्यांना आत बोलावून ट्रेमधली पिशवी दाखवली. काय दिसलं, मी ह्यांना विचारलं.
"मांसच. दुसरं काय दिसते?"
आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून माझ्यावर ओरडले नाहीत. मला हेच आवडत नाही.

२० सप्टें., घरी
टाके निघाले. आज नळावर गेले तर ओट्यावरून आवाज, "मंजूची माय, बालटी उचलली तं पाहाच!" जीवात जीव आला.

२५ सप्टें.
हे एकटेच नागपूरला रिपोर्ट आणायला गेले. एसटीचे धक्के नको म्हणून मला नेलं नाही. दुपारी फोन केला, उचलला नाही. मंजूही उचलत नाही. ताट तसंच झाकून ठेवलं.

संध्याकाळ. एसटी थांबल्याचा आवाज आला. खोलीत लिहीत बसलेय, काहीतरी करायला हवं म्हणून. अंगणात चपला वाजल्या. मग हाक.
"सुमन."
उखाणा सोडला तर लग्नापासून ह्यांनी माझं नाव घेतलेलं नाही. आणि आवाज किती मऊ. चांगलं असतं तर फाटकातूनच ओरडत आले असते. की माणूस आनंदानेही

पुन्हा हाक आली. मी अजून ओ दिलेली नाही.