उजवी टाच

१२ जाने. ८४, गुरु.
पाचवीचा गणिताचा तास. फळ्यावर अपूर्णांक लिहिताना सहज खिडकीबाहेर पाहिलं. शाळेमागच्या तालमीत, लाल मातीत, माझा सुधीर उभा. पाठमोरा. उजवी टाच उचललेली, सगळा भार डाव्या पायावर.
"बाई, पुढचं?" मुलं विचारत होती.
सहावीतला विलास होता तो. सुधीर गणपतीतच गेला. काविळीने. हे मला माहीत आहे, तरी

१३ जाने., शुक्र.
आज मुद्दाम पाहिलं. कुस्तीला तसाच उभा राहतो. शाळा सुटल्यावर सुधीर त्याला शिकवायचा. बाकी काय काय विसरला असेल, टाच तेवढी नेमकी उचलली.
पहिलीत असताना सुधीरच्या टाचेत खिळा घुसला होता. जखम भरली, पण टाच टेकायची भीती गेली नाही. एवढंच. डाव वगैरे काही नाही त्यात.

१७ जाने., मंगळ.
तालमीचे वस्ताद भेटले. म्हणाले, "बाई, तुमच्या पोराची खोड ह्यानं घेतली. सुधीर चपळ, निभावून न्यायचा. हा अंगानं जड. कोणीपण पाय काढून घेईल ह्याचा."
टाच टेकायची सवय व्हावी म्हणून वस्ताद पोरांच्या टाचेखाली पुठ्ठा ठेवतात आणि ओढून बघतात. सुटून आला, म्हणजे टाच वर, की शिक्षा म्हणून बैठका. विलासचा रोज सुटून येतो.
मनातून बरं वाटलं. वाटायला नको होतं.
संध्याकाळी भाकरी थापताना लक्ष गेलं, माझीही उजवी टाच वर.

२० जाने., शुक्र.
शाळा सुटल्यावर खिडकीशी थांबले. तालमीच्या भिंतीपलीकडे हे उभे, ऑफिसची पिशवी हातात. एकमेकांना पाहिलं. बरोबरच घरी आलो.
चहा घेताना म्हणाले, "अगदी तसोच उभो ऱ्हवता गो." मग, "मी रोज येतंय."
सुधीर गेल्यापासून ह्यांच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती.

२४ जाने., मंगळ.
विलासने जिन्यात गाठलं. "बाई, सुधीरदादा असाच उभा राहायचा ना? वस्ताद चूक म्हणतात. पोरं लंगडा बगळा म्हणून चिडवतात."
"मग?"
"बोलू देत. दादाचा सिक्रेट डाव आहे तो. मी नाय सोडणार."
खिळ्याचं सांगणार होते, तर घंटा झाली. खरं म्हणजे घंटा नंतर झाली. मी आधीच गप्प बसले.

२७ जाने., शुक्र.
सरावात समोरच्या पोराने विलासचा उजवा पाय खेचला. हा खांद्यावर आपटला. हाड शाबूत, पण खूप रडला. वस्ताद माझ्याकडेच आले. "रविवारी मुलुंडला शाळांच्या कुस्त्या. असाच उभा राहिला तर मान मोडून घेईल. माझं ऐकत नाय, तुमचं ऐकेल."
ह्यांना म्हटलं, उद्या त्याला खिळ्याचं सांगते. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग, "सांगू नको." दिवा घालवताना, "येक रविवार तरी बघांदे माका."


२८ जाने., शनि.
अर्धी शाळा. विलासला वर्गात थांबवून घेतलं. सांगितलं सगळं.
"म्हणजे दादाला दुखायचं?"
"आधी दुखायचं. नंतर नुसती भीती."
"दादाला भीती?" हसला. "काय पण बाई."
मग बाकांच्या मधे गेला, गुडघे वाकवून कुस्तीला उभा राहिला. दोन्ही टाचा फरशीवर. बुटका, गोल तोंडाचा, कोणीतरी दुसराच मुलगा. इतके दिवस मी ह्याला नीट पाहिलंच नव्हतं.
"बरोबर आहे आता?"
हो म्हणाले. पण बघत होते त्याच्या टाचांकडेच. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दप्तर उचलून निघाला, आणि दाराशी थांबला तेव्हा टाच परत वर. सवयीने, की माझ्यासाठी?
घरी आले तर ह्यांनी उद्या मुलुंडला घालायच्या शर्टाला इस्त्री करून ठेवलेली. चष्मा पुसत बसले होते.
"लवकर निघूया," म्हणाले. "फुडची जागा मेळाक व्हयी. पाय दिसाक व्हये."
बरं म्हटलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.